आमूचं शिंपणं

दिवाळी सरली, जमिनीतली ओल पायाला लागेनाशी झाली की आमच्याकडे शिंपणं सुरू होतं. श्रीवर्धनपासून दिवेआगरपर्यंत कुठल्याही वाडीत जा, तिथून पुढे मिरगापर्यंत माणसांचं बोलणं पाण्यावर येऊन थांबतं. कुणाची विहीर खाली गेली, कुणाची मोटर जळली, कुणाचा पाट उंदरांनी पोखरला. पोफळीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, तहान सोसत नाही. माड एकवेळ मनातल्या मनात रुसून बसेल, पोफळ मात्र पिवळी पडून साऱ्या गावाला सांगते. माणसांतही हे दोन प्रकार असतात, आणि आमच्या घरात दोन्ही आहेत.

आमच्या वाडीत मोटर कुणी लावत नाही, ती आपली आपण लागते. उजाडायच्या सुमारास विहिरीकडून खट्ट असा आवाज येतो, मोटर घुमते आणि काळ्या नळ्यांतून पाणी धावायला लागतं. मग मी चहा टाकते. दादा पडवीत उठून बसतो. वहिनी झाडू घेऊन अंगणात उतरते. मोटर थांबली की दादा आंघोळीला जातो. आम्ही तिघंही साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत आणि एका मुलीने आखून दिलेल्या वेळांत राहतो. ती मुलगी आता नाही.

आमू, म्हणजे आम्रपाली, माझ्या दादाची एकुलती मुलगी. मी तिची आत्या, आणि गावच्याच शाळेत शिकवत असल्यामुळे तिची बाईसुद्धा. घरात ती मला आत्या म्हणे, शाळेच्या फाटकातून आत गेली की बाई, आणि या दोन्हींत तिने कधी गल्लत केली नाही. मी मात्र कैकदा केली. निवृत्त झाल्यावर पनवेलला एका जुन्या मैत्रिणीच्या शेजारी राहायला जायचं मी ठरवलं होतं. अजून गेलेली नाही. मोटर आपोआप लावणारी आमूची पेटी चालू आहे तोवर दादा वाडी सोडत नाही, दादा सोडत नाही तोवर वहिनी सोडत नाही, आणि ही दोघं अशी असताना माझा पाय निघत नाही. कुणी बांधून ठेवलेलं नाही, तरी सुटताही येत नाही.

पेटीबद्दल सांगायचं तर आधी आजाबद्दल सांगायला हवं. आमचा आजा याच पट्ट्यात दुसऱ्यांच्या वाड्यांत शिंपणाला जायचा. दोन हातांत दोन कळशा, विहिरीपासून झाडापर्यंत आणि झाडापासून विहिरीपर्यंत, सगळा उन्हाळा. वाडीत शिरायची त्याची वाटही मागच्या अंगाने होती. म्हातारपणी तो उभा राहिला तरी बसल्यासारखा दिसे. दादा सरकारी नोकरीत लागला, आणि त्याच पट्ट्यातलं एक कुटुंब पुण्याला कायमचं निघालं तेव्हा त्यांची वाडीची चिंचोळी पट्टी त्याने घेतली. त्या दिवशी आम्ही मोटरीच्या खोपीत बुद्धाची तसबीर लावली आणि पुढच्या फाटकातून, मुद्दाम हळूहळू, आत गेलो. आमू तेव्हा एवढीशी होती. आजाची गोष्ट ऐकून तिने विचारलं, मग पाणी आपणहून का नाही जात झाडाकडे? मुलं असलं काही विचारतातच, आणि खेळायला पळाली की विसरतात. ही विसरली नाही.

आमच्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता. मुख्याध्यापकांनी त्याला फुलाफुलांच्या कापडाचा अभ्रा शिवून घेतला होता आणि साहेब तपासणीला आले की तो अभ्रा निघायचा. शाळा सुटल्यावर मी पेपर तपासत बसे तेव्हा आमू अभ्रा काढून त्याच्यासमोर बसायची. चौथीत असताना तिने पाढे विचारणारा एक खेळ केला. उत्तर चुकलं की पडद्यावर अक्षरं यायची, ‘न्हाय रं, परत कर.’ पुन्हा चुकलं की, ‘जा, आज्याला इचार.’ मुलं मुद्दाम चुकायला लागली. पुढच्या तपासणीला साहेबांनी मोठ्या हौसेने आकडा टाकला आणि तेही चुकले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी बदली आता अटळ आहे. साहेब पोट धरून हसले आणि यंत्राला ही भाषा कुणी शिकवली म्हणून विचारू लागले. तेव्हा आमू दाराआड उभी राहून फ्रॉकचं टोक चावत होती.

हुशार मूल गेलं की लोक त्याला आणखी हुशार करतात. आता गावात कुणी भेटलं की म्हणतं, आमू असती तर परदेशात असती. असती की नसती, कुणी पाहिलंय? मला आठवते ती आमू भांडी घासायची वेळ आली की नेमका अभ्यास काढायची. चहात बिस्कीट बुडवून हरवून बसायची आणि मग चमच्याने गाळ खायची. माघात सुपारी उतरून अंगणात वाळत पडली की आम्ही बायका सोलायला आणि निवडायला बसायचो; मोठी एकीकडे, बारीक एकीकडे, डागी वेगळी. ही मध्ये येऊन बसायची आणि म्हणायची, “आत्या, कॉम्प्युटरला तुझ्यासारखा डोळा न्हाय. तो बिचारा दोन दोन घेऊन बघतो, ह्यो मोठा का त्यो मोठा.” आणि ते दाखवायला निवडलेल्या सगळ्या सुपाऱ्या एका ओळीत मांडायची. दिवसभराची निवड पुन्हा एक झाली म्हणून वहिनी तिला अंगणाबाहेर हाकलायची. कॉम्प्युटरच्या कुठल्या तरी मोठ्या स्पर्धेत तिचा नंबर आल्याचं कळलं, तेव्हाही ती अंगणाबाहेरच होती.

वादळ आलं त्या वर्षी साथीमुळे कॉलेजं बंद होती, म्हणून आमू घरी होती. वारा शांत झाल्यावर आम्ही दार उघडलं तर वाडी नव्हती. पोफळी मधोमध मोडून एकमेकींवर पडल्या होत्या आणि झावळ्यांच्या ढिगात फाटक सापडत नव्हतं. कधी नव्हे ते घरातून समुद्र दिसत होता, आणि तो बघायची कुणाला इच्छा नव्हती. वीज कितीतरी आठवडे आली नाही. कॉम्प्युटरशिवाय ही पोरगी वेडी होईल अशी मला धास्ती होती, पण ती दोरी आणि खुंट्या घेऊन वाडीत जायची आणि नव्या रोपांच्या जागा आखायची. त्याच पावसात आम्ही रोपं लावली आणि त्यांना सावली धरायला केळी लावल्या.

पुढच्या शिंपणाला तिने पेटी बसवली. पेटी म्हणजे आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यात तारा, एक सिमकार्ड आणि हिरवा दिवा. ऊन किती, जमीन किती सुकली, झाड केवढं, यावरून पाणी किती सोडायचं ते पेटी ठरवणार. दादा खोपीच्या दारात संशयाने उभा होता. पहिल्यांदा पाणी आलं ते अगदी थोडं आलं आणि थांबलं. तो म्हणाला, एवढंसंच? आमू म्हणाली, “बाबा, रोपं अजून तान्ही हायत. त्यांना वाटीनंच पाजायचा.” त्या उन्हाळ्यात आमचं एकही रोप मेलं नाही.

त्यानंतरच्या पावसात एक नळी निसटली म्हणून ती चिखलात अनवाणी उतरली. पायाला चीर गेली होती, त्याकडे तिने लक्ष दिलं नाही, आम्हीही दिलं नाही. मग ताप आला. उंदरांमुळे साचलेल्या पाण्यातून होणारा तो ताप आमच्याकडे दर पावसाळ्यात कुणा ना कुणाच्या घरी ऐकू येतो. आधी तो साधाच वाटला. मग श्रीवर्धन, मग अलिबाग, मग त्याहून मोठा दवाखाना. ती गेली तेव्हा तिला विसावं पुरं झालं नव्हतं. पुण्यानुमोदनाला सगळा गाव आला, भन्तेजी अनित्यतेवर बोलले, आणि मला ते सगळं पटत होतं आणि तरी उठून ओरडावंसं वाटत होतं. पाऊस संपला, दिवाळी झाली, जमीन सुकली. एका सकाळी विहिरीकडून खट्ट असा आवाज आला आणि मोटर लागली. दादा पडवीतून धावत खोपीपर्यंत गेला आणि तिथेच खाली बसला.

तेव्हापासून पेटीला कुणी हात लावायचा नाही असा घरात कायदा झाला. कुणी बोलून केला नाही, पण होता. खोपी दादाच झाडायचा. पेटीवरची धूळ तो गंजीफ्रॉकच्या मऊ तुकड्याने पुसायचा. वीज गेली की त्याचा जीव वरखाली व्हायचा आणि परत आली की हिरवा दिवा लागेपर्यंत तो जेवायचा नाही. संध्याकाळी तो एकटा वाडीत जाई आणि दिवेलागणीला परत येई. आम्हा दोघींना वाटे, बाप माणूस आहे, आमच्यासमोर रडू येत नसेल, तिथे जाऊन रडत असेल. म्हणून त्या वेळेला आम्ही वाडीकडे फिरकत नसू. दुःखाला एवढी जागा द्यावी, असं आम्ही एकमेकींना शहाणपणाने सांगत असू.

यंदा शिमग्याच्या आधी एका संध्याकाळी वाडीतून कळशी आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग दादाची हाक. आम्ही गेलो तर तो पाटाच्या कडेला आडवा पडला होता. एक कळशी विहिरीच्या पायरीशी, एक त्याच्या पायाशी, आणि सगळा पाठीकडचा भाग ओला. मणक्याला मार लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे वजन उचलायचं नाही. घरी आणून निजवल्यावर वहिनीने विचारलं, आणि मग ते निघालं. रोपं वाढली होती. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, चालेल. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी दिसायला लागली. पेटी मात्र तेवढंच, तान्ह्या रोपाला पाजावं तेवढंच पाणी सोडत होती. उरलेलं पाणी तो कळशीने घालत होता, इतके उन्हाळे, रोज.

मोटरीला हाताने लावायचा खटका आहे, तो का नाही वापरला, मी विचारलं. तो छताकडे बघत म्हणाला, “आपन मधीच मोटर लावली आन पेटीचा हिशेब चुकला तर? बंद पडली तर परत चालू कोन करनार?”

मला त्याचा असा राग आला की मी उठून अंगणात गेले. आमच्या आजाची पाठ ज्या कामाने मोडली ते काम आमूने संपवलं होतं. तेवढ्यासाठीच तर लहानपणापासून तिचा जीव त्यात होता. आणि तिचं गणित चुकलं असं कुणी म्हणू नये म्हणून तिच्या बापाने तीच कळशी उचलून तीच पाठ वाकवली. पण राग कुणावर करणार? पेटी बंद पडणं म्हणजे आमूने दुसऱ्यांदा जाणं होतं, आणि ते मलाही सोसलं नसतं.

मग वाईट दिवस आले. दादा खाटेवर. रोज सकाळी खट्ट आवाज होई, मोटर लागे, आणि आमचा चहा उकळायच्या आत थांबे. तो नुसता ऐकत राही. पोफळी माझ्या डोक्याच्या पार वर गेलेल्या, आणि खालची पानं एकेक करून पिवळी पडत होती. वहिनी आणि मी कळशा उचलून पाहिल्या, पण आमच्या गुडघ्यांनी फार साथ दिली नाही. एकदा वहिनी खोपीकडे बघत म्हणाली, मी ती पेटी उपटूनच टाकते. दादाने तोंड भिंतीकडे केलं, आणि वहिनी परत येऊन भाकऱ्या थापायला बसली. झाडं वाचवली तर माणूस जाईल आणि माणसाचं ऐकलं तर झाडं जातील, अशा जागी आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत बसलो होतो. बाहेर ऊन वाढत होतं.

ईदला सना आली. सना म्हणजे आमूची शाळेपासूनची मैत्रीण, माझीच विद्यार्थिनी. तिचे अब्बा कुवेतला असतात आणि ती स्वतः आता न्हावा शेव्याजवळ एका कचेरीत कंटेनरांची ये-जा नोंदवण्याचं कॉम्प्युटरवरचं काम बघते. दर ईदला ती आमच्याकडे शीरखुर्मा घेऊन येते आणि आमूच्या फोटोसमोर थोडा वेळ उभी राहते. यंदा तिने दादाला खाटेवर पाहिलं, वाडी पाहिली, आणि मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाई, मी बघू का पेटीत काय लिहिलंय ते?

“हात लावायचा न्हाय,” दादा म्हणाला.

सना त्याच्या खाटेपाशी खाली बसली. आमूने लिहिलेलं नुसतं वाचता येतं, वाचल्याने काही बिघडत नाही, असं तिने त्याला दोन-तीनदा समजावलं. तो मान हलवत राहिला. तेव्हा इतके दिवस कमी बोलणारी वहिनी दारातून म्हणाली, “पोर गेली. झाडा जातायत. आता तुमी बी निघालाव काय? मंग मी कोनाचा शिंपणा करू?” दादाने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याने बोटाने खोपीकडे खूण केली.

सना लॅपटॉप घेऊन खोपीच्या कट्ट्यावर बसली. आम्ही दोघी दाराशी उभ्या होतो, दवाखान्याबाहेर उभं राहावं तशा. ती बराच वेळ वाचत होती, मध्येच हसली, मध्येच तिने ओढणीने डोळे पुसले. मग घरात येऊन तिने दादाला सांगितलं की पेटीत काहीही चुकलेलं नाही. दर वर्षी शिंपणं सुरू व्हायच्या वेळी पेटी एक प्रश्न पाठवते, रोपं किती फूट झाली. उत्तर आलं की त्याप्रमाणे पाणी वाढवते. उत्तर नाही आलं तर आहे तेवढंच देत राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारते.

“कोनाला इचारते?” दादाने विचारलं.

“आमूलाच, काका. तिच्या फोनवर.”

आमूचा फोन घरातच होता, कपाटात, तिच्या कपड्यांच्या खणात. दादा त्याला एक दिवसाआड चार्जिंगला लावत असे आणि त्याचं आणि पेटीतल्या सिमकार्डाचं रिचार्ज कधी चुकू देत नसे. फोन मध्येच वाजे, दिवा लुकलुके, तरी त्याने तो एकदाही उघडला नव्हता. उघडायचा कसा हे त्याला माहीत होतं. दवाखान्यात तिनेच त्याच्या हातात फोन देऊन खूण सांगितली होती, मित्रमैत्रिणींना कळवायला. पण नंतर नाही. सना काही समजेना अशी त्याच्याकडे बघत राहिली, तसा तो ओशाळून म्हणाला, “जवान पोरीचा फोन हाय. बापानं कशाला बघायचा?”

असा बाप मिळाला म्हणून आमू कुणाला न भिता वाढली, आणि असा बाप होता म्हणून तिचा प्रश्न इतकी वर्षं कपाटात वाजत राहिला. फोन उघडला तेव्हा प्रश्न तिथे होते, एकाखाली एक, दर दिवाळीनंतरचा एक. ‘रोपं किती फूट?’ बस, एवढंच. दुसरं काहीही आमच्यासाठी नव्हतं. वहिनीने खालपर्यंत पाहिलं आणि फोन दादाकडे दिला.

उत्तर इथे बसून लिहायला दादा तयार नव्हता. अंदाजे नको, तो म्हणाला. सना आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्याला वाडीत नेलं. तो पहिल्या पोफळीला हात लावून उभा राहिला आणि वर बघत राहिला. रोज या झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे मान वर करून बहुधा प्रथमच पाहिलं असावं, कारण तो अगदी लहान आवाजात म्हणाला, केवढ्या झाल्या. वहिनीने सुपारी उतरवायची लांब काठी झाडाला लावून धरली. दादाने आकडा स्वतः टाकला. मग अंगठा तसाच वर धरून थांबला.

“हे धाडला की तिला कलंल,” तो म्हणाला, “किती दिस झाले ते.”

आम्हा तिघींपैकी कुणीही म्हणालं नाही की आता कुणाला काही कळणार नाहीये. वहिनीने काठी खाली ठेवली आणि म्हणाली, “कलू दे. पोर वाट बघत आसंल.” त्याने अंगठा टेकवला.

दुसऱ्या दिवशी खट्ट आवाज झाला. चहा उकळला, पिऊन झाला, कपबशा विसळून झाल्या, तरी मोटर चालूच होती. मी जाऊन पाहिलं तर प्रत्येक पोफळीच्या आळ्यात पाणी उभं होतं आणि त्यात वरचं आभाळ दिसत होतं. सना त्या दुपारी पुढच्या दिवाळीला पुन्हा प्रश्न येईल असं बजावून कामावर परतली. म्हणजे दर वर्षी हे करायचं आहे, दर वर्षी तिला आकडा कळवायचा आहे. ते मी दादाला आत्ताच बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी ऊन उतरलं तसा दादा खाटेवरून उठला. सवयीने खांद्यावर पंचा टाकला, पडवीच्या पायरीपर्यंत आला, आणि थांबला. वाडीतली माती अजून काळी, ओली होती. तिच्याकडे बघून तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “आता सांजच्याला मी काय करू?”

तो हळूच पायरीवर बसला, पंच्यात तोंड घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. वहिनी आतून आली, त्याच्या शेजारी बसली, मग मीही बसले. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, तो संध्याकाळी वाडीत रडायला जातो. तो तर नुसतं पाणी घालत होता. रडायचं राहूनच गेलं होतं.